कोल्हापूरहून पहिल्यांदाच क्रूझला निघताय? बोट, गोवा आणि परतीच्या दिवसाची मुंबई

क्रूझला जायचं ठरलं की बहुतेक जोडप्यांचा सगळा अभ्यास बोटीवरच खर्ची पडतो. जेवायला काय असतं, पोहण्याचा तलाव केवढा, रात्री कार्यक्रम कुठले. खरं तर बोटीची काळजी वाहायला बोटीवर माणसं आहेत. एकदा आत पाऊल टाकलं की चहापासून सुरक्षेपर्यंत सगळं तेच बघतात. आपल्याला सांभाळायची असतात ती दोन टोकं. कोल्हापुरातून निघून वेळेत धक्क्यावर पोचणं हे पहिलं. उतरल्यापासून परतीची गाडी सुटेपर्यंतचा दिवस सत्कारणी लावणं हे दुसरं. सहल बिघडते ती या दोन ठिकाणी आणि रंगतेही इथेच, म्हणून या लेखात त्यांच्यावर जास्त भर दिला आहे.

फेरी निवडताना

मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझेसच्या फेऱ्या सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाल्या. त्यांची ‘एम्प्रेस’ ही बोट १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली, अकरा मजल्यांची. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मुंबई–गोवा–मुंबई ही फेरी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. लक्षद्वीपची फेरी सुंदर असते, पण ती लांबची आहे आणि समुद्र आपल्याला मानवतो की नाही हे आधी कळलेलं बरं.

बुकिंग करताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. ‘हाय सी’ नावाने विकल्या जाणाऱ्या शनिवार-रविवारच्या फेऱ्या कुठल्याच बंदराला लागत नाहीत, समुद्रात फिरून मुंबईला परत येतात. ज्यांना नुसता आराम हवा त्यांना त्या चालतील. ज्यांना गोव्यात उतरायचं आहे त्यांनी वेळापत्रकात गोव्याला बोट किती वाजता लागते आणि किती वाजता सुटते हे लिहिलेलं पाहूनच पैसे भरावेत.

जाहिरातीतला आकडा एका माणसाचा असतो, तोही एका खोलीत दोघं राहणार हे धरून. त्यावर बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी चढतो. त्यामुळे घरी हिशोब मांडताना पहिल्या पानावरचा आकडा धरू नका. पैसे भरायच्या शेवटच्या पानावरची, दोघांची मिळून येणारी रक्कम धरा. मुख्य उपाहारगृहातलं जेवण, तलाव, बरेचसे कार्यक्रम त्यात येतात. दारू, खास उपाहारगृहं, वाय-फाय, स्पा, बंदरावरच्या सहली यांचे पैसे वेगळे पडतात. शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असते, ते आधी कळवून ठेवा.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. अरबी समुद्र तेव्हा शांत असतो आणि संध्याकाळी डेकवर बसवतं. जून ते सप्टेंबर हा विषयच काढू नका.

खोली

आतल्या खोलीला खिडकी नसते, ती सगळ्यात स्वस्त. मग खिडकीवाली, आणि त्याच्यावर बाल्कनीवाली. जोडप्याने जायचं असेल आणि परवडत असेल तर निदान खिडकी घ्याच. रात्री मध्येच जाग आली की बाहेर पाणी दिसणं, हेच तर घरी मिळत नाही. बाल्कनीसाठी मात्र ओढाताण करू नका, वरचा डेक सगळ्यांचाच असतो.

मळमळीची भीती असेल तर खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मधोमध येणारी खोली मागा. तिथे हेलकावा सगळ्यात कमी जाणवतो. आणखी एक, जे बुकिंगवाले सहसा सांगत नाहीत. मुंबईहून गोव्याकडे जाताना बोट दक्षिणेला जाते, म्हणजे तोंड पुढे करून उभं राहिलं की उजव्या हाताला सूर्यास्त आणि डाव्या हाताला कोकण. येताना उलट. खोली निवडायची मुभा मिळाली तर हे लक्षात ठेवा.

कागदपत्रं आणि बॅगा

देशांतर्गत फेरीला पासपोर्ट लागत नाही, पण सरकारी ओळखपत्र मूळ स्वरूपात लागतं. झेरॉक्स चालत नाही. नव्या जोडप्यांची गडबड होते ती नावात. तिकिटावर सासरचं नाव आणि आधारवर माहेरचं, असं झालं की खिडकीवर थांबावं लागतं. तिकीट काढताना आधारवर जे नाव आहे तेच, त्याच स्पेलिंगने लिहा. घरी कुठल्याही नावाने हाक मारा, पण बोटीवर आधारवरचंच नाव चालतं. घरात गोड बातमी असेल तर महिने मोजून मगच बुकिंग करा. बहुतेक बोटी २४ आठवड्यांच्या पुढे प्रवेश देत नाहीत.

निघायच्या आधी ऑनलाइन चेक-इन करायचं असतं. त्यात धक्क्यावर येण्याची वेळ मिळते. ते पान छापून घ्या, फोनची बॅटरी ऐनवेळी संपते.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच टॅग लावून घेतात आणि त्या खोलीच्या दाराशी येतात, पण लगेच नाही, कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून दोघांत मिळून एक छोटी पिशवी हाताशी ठेवा: ओळखपत्रं, रोजच्या गोळ्या, चार्जर, एक-एक कपड्यांचा जोड आणि पोहायचे कपडे. बॅग येईपर्यंत तलाव रिकामा असतो, तो वेळ तुमचा.

इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, चाकू, दारू बोटीवर नेता येत नाही. काडेपेटी आणि अगरबत्तीसुद्धा घरीच ठेवा. बोटीवर आगीला सगळ्यात जास्त जपतात. पूजा करायची असेल तर हात जोडून करा, देवाला चालतं. खाण्याचे डबेही आत नेऊ देत नाहीत. चकल्या-लाडू न्यायचेच असतील तर ते रेल्वेत संपवायच्या बेताने न्या.

पायात काय घालणार, याचा विचार करा. कोल्हापुरी चप्पल २०१९ पासून भौगोलिक मानांकनाची मानकरी आहे आणि रात्रीच्या जेवणाला साडी किंवा कुर्त्यावर ती घालाच, लोक थांबून विचारतात. पण ओल्या डेकवर चामड्याचा तळवा घसरतो, आणि खारं पाणी लागलं की चामडं कडक होतं. दिवसभरासाठी रबरी तळाची सँडल हवी.

कोल्हापूर ते बॅलार्ड पिअर

आपल्याकडून सगळ्यात सोयीची महालक्ष्मी एक्सप्रेस. रात्री कोल्हापूर सोडते आणि सकाळी सीएसएमटीला उतरवते. बोटीवर चढणं दुपारकडे सुरू होतं, म्हणजे गाडी दोन-तीन तास रेंगाळली तरी जीव टांगणीला लागत नाही. कोयना एक्सप्रेसने जायचं तर आदल्या दिवशी जा आणि मुंबईत मुक्काम करा, कारण ती दिवसाची गाडी आहे. खासगी बसने जाणाऱ्यांनी महामार्गाची कामं, पुण्याचं ट्रॅफिक आणि खंडाळ्याचा घाट जमेस धरून निघावं. बोट कुणासाठी थांबत नाही, आणि चुकलेल्या बोटीचे पैसे परत मिळणं कठीण. उजळाईवाडीहून विमानाने जाणारेही त्याच दिवसाच्या विमानावर भरवसा ठेवू नका.

सीएसएमटीला उतरल्यावर घाई करायची गरज नाही. प्रतीक्षालयात तोंड-हात धुऊन, कपडे बदलून स्टेशनसमोरच्या ‘आराम’चा वडापाव खा किंवा जवळच्या ‘पंचम पुरीवाला’कडे पुरी-भाजी. पोट रिकामं ठेवून बोटीवर जाऊ नका, कारण पुढे लिहिलं आहे.

टॅक्सीवाल्याला ‘क्रूझ’ म्हणाल तर तो गेटवेला नेऊन सोडण्याची शक्यता आहे, आणि कुणी भाऊच्या धक्क्याला. दोन्ही चूक. ‘बॅलार्ड पिअर’ म्हणा आणि बोर्डिंग पासवरचं गेट दाखवा. स्टेशनपासून अंतर फार नाही, पण बॅगा घेऊन चालण्याजोगंही नाही.

बोट सुटताना

आत गेल्यावर खोलीचं कार्ड मिळतं. तीच किल्ली, तेच ओळखपत्र आणि खर्चाचं खातंही तेच. रोख पैसे बोटीवर चालत नाहीत. कार्डावर दर वेळी किती चढलं ते रोज रात्री रिसेप्शनवर विचारून घ्यायची सवय ठेवा.

सुटण्याआधी सुरक्षा कवायत होते. सात छोटे आणि एक लांब भोंगा, ही आंतरराष्ट्रीय खूण आहे. तो ऐकला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. ती जागा खोलीच्या दारामागे लिहिलेली असते. ही कवायत कंटाळून टाळू नका. आपल्या किनाऱ्याने १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोटीचा अपघात पाहिला आहे. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आजच्या बोटी कितीतरी सुरक्षित आहेत. पण सुरक्षा जॅकेट कुठे ठेवलंय आणि ते कसं बांधायचं, हे दोघांनाही आलंच पाहिजे. एकट्या नवऱ्याने बघून चालत नाही.

मग वर जा. माझ्या मावशी-काकांना हाच क्षण सगळ्यात आवडला होता. मावशी कठड्याला टेकून शहर बघत होती आणि काकांना म्हणाली, “अहो, सुटणार कधी?” काका म्हणाले, “मघाशीच सुटली की गं, धक्का बघ कुठं राहिला.” एवढ्या मोठ्या बोटीला धक्का सोडताना हिसका बसत नाही. थोड्या वेळाने बाजूला एक छोटी बोट येऊन चिकटते आणि बंदराचा पायलट, ज्याने मोठी बोट बाहेर काढलेली असते, तो दोरीच्या शिडीवरून उतरून चालत्या बोटीतून त्या छोट्या बोटीत पाय टाकतो. दोन्ही बोटी पुढे जातच असतात. हे बघायला बहुतेक लोक थांबत नाहीत, कारण आत गाणी सुरू झालेली असतात. तुम्ही थांबा.

उजेड शिल्लक असेल तर डाव्या हाताला अलिबागच्या बाजूला खांदेरी-उंदेरी दिसू शकतात. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधकाम सुरू केलं आणि मुंबईच्या इंग्रजांशी तिथेच समुद्रात लढाई झाली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्या यादीत खांदेरी आहे आणि आपला पन्हाळाही आहे. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हेही त्याच यादीतले, सगळे याच किनाऱ्याला. बोट खोल पाण्यातून जाते आणि वेळ रात्रीची, त्यामुळे ते किल्ले दिसणार नाहीत. पण दीपगृहं दिसतील. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीची लय वेगळी असते, त्यावरूनच खलाशी ते ओळखतात. दोघांनी मिळून सेकंद मोजून बघा.

फोन लवकरच रेंज सोडतो. तो फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर काही बोटींवर समुद्रातलं रोमिंग लागून मोठं बिल येऊ शकतं. घरी आधीच सांगून ठेवा की इतके तास फोन लागणार नाही, म्हणजे आईबाबा काळजीत पडणार नाहीत.

मळमळ

आंबा घाट किंवा गगनबावडा उतरताना ज्यांना मळमळतं त्यांनी तयारीने जावं. मालवणात किल्ल्यावर जाताना होडीत त्रास झाला म्हणून मात्र बेत रद्द करू नका. छोटी होडी लाटेवर नाचते, मोठी बोट तेवढी हलत नाही. खात्री करायची असेल तर आधी कधीतरी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीने तासाभराचा प्रवास करून बघा. ती २०२० पासून सुरू आहे.

गोळी घ्यायची ती मळमळायच्या आधी, नंतर तिचा फारसा उपयोग होत नाही. कुठली घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर. या गोळ्यांनी झोप येते. आलेपाक खिशात ठेवा. पोट अगदी रिकामं किंवा तुडुंब नको. अस्वस्थ वाटलं तर खोलीत पडून राहण्याऐवजी मोकळ्या हवेत येऊन दूर क्षितिजाकडे बघा. फोनकडे तर मुळीच बघू नका.

गोव्याचा दिवस

बोट मुरगाव बंदरात लागते, म्हणजे वास्कोला. पणजी तिथून साधारण तीस किलोमीटर. कळंगुट-बागा करायची इच्छा सगळ्यांना होते, पण जाण्यायेण्यात अर्धा वेळ जातो आणि मन घड्याळातच अडकतं. माझं ऐकाल तर जुना गोवा करा. बॉम जीझसची बॅसिलिका १६०५ मधली, समोर सें कथेड्रल. तिथून फोंड्याकडे मंगेशी, आणि वेळ असेल तर कवळ्याची शांतादुर्गा. शांतादुर्गेचं आजचं देऊळ १७३८ मध्ये सातारच्या छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीत बांधलेलं. लाल उतरत्या छपरांचं ते देऊळ आणि पुढचं तळं बघताना अंबाबाईच्या काळ्या दगडी मंदिराची आठवण येते आणि फरकही कळतो. ज्यांना गाडीत बसायचंच नाही त्यांनी जवळच बोगमाळोचा किनारा गाठावा, तोही छान दिवस जातो.

बोटीच्या सहलीतून गेलात आणि उशीर झाला तर बोट थांबते. स्वतः टॅक्सी केलीत तर थांबत नाही. टॅक्सीचं भाडं परतीसकट आधी ठरवा, आणि बोटीवर परत यायच्या वेळेच्या दीड तास आधी वास्कोत असा.

इथे आपल्या लोकांसाठी दुसरीही एक वाट आहे. मुंबई ते गोवा एवढीच एकेरी फेरी मिळाली तर गोव्यातच उतरा, पणजीत एक मुक्काम करा आणि सावंतवाडी–आंबोली–आजरा मार्गे कोल्हापूर गाठा. रेल्वेच हवी असेल तर वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस दूधसागर, लोंढा, बेळगाव करत मिरजेला येते. मिरज म्हणजे घरच. मुंबई ज्यांनी खूप वेळा बघितली आहे त्यांना ही वाट जास्त सुखाची वाटेल.

उतरायची सकाळ

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. ठेवण्याआधी उद्याचे कपडे, दात घासायचा ब्रश आणि चपला बाजूला काढल्यात ना, हे एकमेकांना विचारा. बॅग एकदा गेली की मुंबईत धक्क्यावरच भेटते. बिल रात्रीच तपासून घ्या, सकाळी रांग असते. नाश्ता भरपेट करा, तो तिकिटातच आहे.

मुंबईचा एक दिवस

शहर फिरायचं ते बोटीनंतर, आधी नको. आधी फिरलात तर सारखं घड्याळ बघाल आणि बोटीवर दमून पोचाल. नंतर मात्र रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसपर्यंत अख्खा दिवस मोकळा मिळतो.

पहिलं काम, बॅगा सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं, म्हणून छोटी कुलपं कोल्हापुरातूनच न्या. हात मोकळे झाले की आधी त्या स्टेशनाकडेच वळून बघा. आपण तिथे नेहमी गाडी पकडायला धावत जातो. १८८८ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीवर दगडात कोरलेले मोर, माकडं, पानं-फुलं आहेत. रस्ता ओलांडून पलीकडे उभं राहिलं तरच ती नीट दिसतात.

घारापुरीचा मोह आवरा. दोन-तीन दिवस पाण्यावर काढल्यावर पुन्हा लाँचमध्ये तासभर बसायचं आणि वर पायऱ्या चढायच्या, हे त्या दिवशी नको. सोमवारी तर लेणी बंदच असतात. त्याऐवजी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. लोकांसाठी ते १९२२ मध्ये खुलं झालं. दोन तास द्या, लघुचित्रांचं दालन सोडू नका.

तिथून पायीच निघा. काळा घोडा, मग ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की एका बाजूला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवरची टोकदार गॉथिक रांग, दुसऱ्या बाजूला गोलाव्याच्या गच्च्यांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोचा मान मिळाला. जवळच हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांचं ते स्मारक आहे, दोन मिनिटं उभे राहा.

दुपारी ऊन असतं, तेव्हा जमिनीखाली जा. मेट्रो तीन आता कफ परेडपासून धावते. हुतात्मा चौकातून बसलात की थेट सिद्धिविनायक. दर्शन घेऊन दादरला ‘आस्वाद’ किंवा ‘प्रकाश’मध्ये मराठी जेवण, साबुदाणा वडा, पियूष. कोल्हापूरकराला मुंबईच्या महालक्ष्मीलाही जावंसं वाटणं साहजिक आहे. मात्र मेट्रोचं महालक्ष्मी स्थानक देवळाला लागून नाही, तिथून टॅक्सी करावी लागेल. वेळ कमी असेल तर दोन्ही देवळं करण्याचा अट्टहास नको.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा, पण गाडी सुटायच्या दीड तास आधी सीएसएमटीला या. क्लोक रूमच्या खिडकीवर गर्दी असते, आणि रात्रीचं जेवण बांधून घ्यायला वेळ लागतो.

सकाळी कोल्हापूरला उतरल्यावर जमीन हलल्यासारखी वाटली तर घाबरू नका. बोटीवरून आलेल्या बऱ्याच जणांना एक-दोन दिवस तसं होतं आणि आपोआप जातं. तोवर दुचाकी चालवू नका, स्टेशनवरून रिक्षानेच घरी जा. चार दिवसांनीही तसंच वाटत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.